अंजनाचं रक्त आणि माझी लोखंडी कढई

सोमवार, ६ जानेवारी २०२५

डॉक्टरबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. ताप, वजन, उलट्या किती, जेवण किती, एवढंच रोज लिहायचं. मी दोनशे पानी वही घेऊन आलो आणि आता बघतो तर या सगळ्याला दोन ओळी पुरतात. उरलेल्या जागेत मी लिहिणार. अठ्ठावीस वर्षं फौजेत रजिस्टरं भरली, कोरं पान दिसलं की हात शिवशिवतात.

आधी कामाची नोंद. अंजना, माझी बायको, वय छप्पन्न. डाव्या स्तनाचा कॅन्सर. ऑक्टोबरात ऑपरेशन झालं. केमोचे सहा डोस ठरलेत, एकवीस दिवसांनी एक. आज सांगलीला विश्रामबागेतल्या दवाखान्यात तिसरा झाला. ताप नाही. वजन ५५. उलटी एक, येताना आष्ट्याच्या अलीकडे, उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो होतो तेव्हा.

डोसच्या आधी रक्त तपासतात. त्यात हिमोग्लोबिन म्हणून एक आकडा असतो, तो बाईमाणसाचा बाराच्या आसपास हवा. अंजनाचा पहिल्या डोसला साडेदहा होता, दुसऱ्याला साडेनऊ, आज आठ पूर्णांक नऊ. मी विचारलं, याला उपाय काय.

डॉक्टर राजनंदिनी माझ्या मुलीच्या वयाच्या. म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, तुमचा ऊस कारखान्याला जातो ना? समजा यार्डात गाड्यांची रांग लागलीय, पण बॉयलर बंद आहे. साखर पडेल?"

"नाही पडणार."

"तसंच झालंय. केमोनं हाडातला रक्ताचा कारखाना मंद पडलाय. ताईंच्या अंगात लोह पुरेसं आहे, ते मी तपासून घेतलंय. आणखी गाड्या पाठवून उपयोग नाही. घरचं, ताजं, शिजवलेलं, त्यांना जाईल तेवढं द्या. आणि दम लागला, चक्कर आली, छातीत धडधडलं, तर त्याच क्षणी मला फोन."

उदाहरण मला फार आवडलं. फक्त एक शंका आली. माल एक नंबरचा पाठवला तर कारखाना कसा चालणार नाही? पण हे मी बोललो नाही. पोरीनं एवढं शिक्षण घेतलंय, उगाच तिला कशाला वाईट वाटू द्यायचं.

गावाला वाटतं मी सरहद्द राखली. खरं म्हणजे मी बटाटे राखले. सप्लाय कोअरमध्ये होतो, जिथं जिथं पलटण गेली तिथं तिथं तिच्यामागं कांदे, डाळ आणि अंडी घेऊन गेलो. बंदुकीशी माझं फारसं जमलं नाही, पण माझ्या हाताखाली एकही जवान उपाशी राहिला नाही. तेव्हा एका बाईचं रक्त वाढवणं म्हणजे काय मोठंसं? उद्यापासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात.

बुधवार, ८ जानेवारी

ताप नाही. वजन ५४.५. उलट्या दोन.

माळ्यावरून आईच्या वेळची लोखंडी कढई काढली. तिच्यात शिजवलं की लोह अन्नात उतरतं, असं मोबाइलवर तिघांनी पाठवलंय. त्यातला एक निवृत्त कर्नल आहे, म्हणजे खरंच असणार. विटकरीची भुकटी आणि चिंच घेऊन तासभर कढई घासली. गंज गेला, सोबत माझ्या दोन बोटांची कातडीही गेली.

मग तीन किलो बीट किसलं. मंगलवहिनी विरजण मागायला आल्या आणि दारातच किंचाळल्या, "अगं बया! भावजी, कुनाला कापलं का काय?" भिंतीपासून माझ्या बनियनपर्यंत सगळं लाल होतं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. आमची मागची भिंत एकच आहे, त्यामुळं आमच्या घरातली फजिती त्यांच्यापासून लपत नाही.

बिटाचा हलवा केला. अंजनानं दोन चमचे खाल्ला आणि वाटी खाली ठेवली. "तोंडात खिळं धरल्यावानी लागतंय ओ," म्हणाली. केमोनं जिभेची चव जाते, त्याला कढई काय करणार? मग म्हणाली, "वाया जायाला नगं. तुमी खावा." अन्न वाया घालवणं मला जमत नाही, फौजेत त्यावर चौकशी लागायची. कढई पुसून खाल्ली.

शनिवार, ११ जानेवारी

ताप नाही. वजन ५४.

भिंतीवर तक्ता लावला. सकाळी सात: दुधात खजूर आणि अंजीर. दहा: डाळिंब. एक: नाचणीची भाकरी, पालक. चार: गूळ-शेंगदाणे. सात: बीट, वेगवेगळ्या वेषांत. शेजारी आलेखाचा कागद, त्यावर लाल पेनानं आकडा चढत जाणार. एक ठिपका आधीच ठोकलाय, आठ पूर्णांक नऊला. अठरा तारखेपर्यंत साडेनऊ, पंचवीसपर्यंत दहा, असं पेन्सिलीनं आखून ठेवलं. अंजना तक्त्याकडं बघत म्हणाली, "लगीनघरासारखं केलंसा."

तक्त्यातलं साधारण पाव ती खाते. बाकी मी संपवतो. माझ्या सगळ्या विजारी धुऊन आटल्यात, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, पानी बदलल्यालं दिसतंय."

मंगळवार, १४ जानेवारी

ताप नाही. वजन ५४. उलटी नाही. संक्रांत.

दरवर्षी हळदीकुंकवाला अंजना अशी धावपळ करते की बायका परत जाताना तिलाच बस म्हणून सांगतात. यंदा डोक्यावर पदर घेऊन खुर्चीत बसली ती उठलीच नाही. बायका तिच्याजवळ येऊन वाकून हळदीकुंकू लावत होत्या, वाण मंगलवहिनी वाटत होत्या. थेट कर्नलच्या बायकोसारखा थाट. मी नंतर म्हणालो, हे चौतीस वर्षांपूर्वीच सुरू करायला हवं होतंस. ती नुसती हसली.

एकूणच तिच्यात एक निवांतपणा आलाय. परवा सकाळी मागच्या पायरीवर लसूण सोलत बसली होती. मी दुकानात जाऊन, दोघा-तिघांशी बोलून तासाभरानं आलो, तरी हातात तोच गड्डा. एवढ्या नजाकतीनं लसूण सोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

तिळात लोह असतं म्हणून तिच्यापुढं सहा लाडू ठेवले. तिनं अर्धा खाल्ला. साडेपाच लाडवांचं काय झालं ते लिहायला नको.

शनिवार, १८ जानेवारी

आज इस्लामपूरला अंजनाचं रक्त तपासायला दिलं, दुपारी रिपोर्ट आला. सात पूर्णांक आठ.

पुन्हा वाचला. लॅबवाल्याला फोन करून नाव बरोबर आहे का विचारलं. तो म्हणाला, आहे. मी विचारलं, मशीन? तो म्हणाला, ते पण बरोबर आहे.

बारा दिवस ज्या पोरीला लेकरासारखं भरवलं… पोरगी? काय लिहितोय मी. छप्पन्न वर्षांची बायको आहे. मुद्दा असा, की मी जिवाचं रान केलं आणि आकडा माझ्या तोंडावर खाली आला. घरी येऊन पलंगावर आडवा झालो. जेवलो नाही. दहावीला गणितात नापास झालो होतो तेव्हाही जेवलो होतो.

अंजना उशाशी येऊन बसली. "आवं, आकडा माजा हाय. तुमी कशाला पडलाय?"

मी म्हणालो, "आणखी खाली गेला तर मला तोंड दाखवायला जागा नाही." हे मी खरोखर बोललो. वर डोळ्यांतून पाणीही आलं. तिनं माझं कपाळ चोळलं, मग उठून चहा केला. कप देताना तिचा हात थरथरत होता, चहा बशीत सांडला. मला वाटलं, माझ्यासाठी जीव कळवळला बिचारीचा.

नंतर ती तक्त्यापुढं बराच वेळ उभी होती. भिंतीला हात टेकून.

ताप नाही. वजन ५३.५.

सोमवार, २० जानेवारी

रिपोर्ट दाखवायला आज सांगली. लिफ्टला स्ट्रेचरांची रांग होती, म्हणून जिन्यानं गेलो. दुसरा मजला, काही फार नाही.

पहिल्या वळणावर अंजना थांबली, कठडा धरला आणि म्हणाली, "आवं, ती लेहच्या अंड्यांची गोष्ट काय? पुरी कवा सांगितलीच न्हाई तुमी."

चौतीस वर्षांत तिनं माझ्या नोकरीतलं काही आपणहून विचारल्याचं हे पहिलं उदाहरण. मी तिथंच सुरू केलं. अठ्ठ्याण्णव सालचा फेब्रुवारी, सहा हजार अंड्यांचा ट्रक बर्फात अडकलेला, ड्रायव्हर केरळचा, अंडी गोठून फुटायला लागलेली आणि वरच्या चौकीवर जवान वाट बघतायत. अंजना भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होती, इतकी तल्लीन. लोक आम्हाला वळसा घालून जात होते. मी गोष्टीतल्या चुलीपर्यंत आलो तशी ती म्हणाली, "चला." पुढच्या वळणावर पुन्हा थांबली. "मग त्या अंड्यांचं काय झालं?" असे आम्ही चार टप्प्यांत पोचलो.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला. "एक पिशवी रक्त लावू या," म्हणाल्या. "ताई, चालताना दम लागतो?"

अंजनानं माझ्याकडं बघितलं. "न्हाई."

"चक्कर?"

"न्हाई."

"छातीत धडधडतं?"

"न्हाई ओ. ह्यांच्या खान्यापिन्यानं बरं हाय की."

माझी छाती फुगली. मी डॉक्टरबाईंना म्हणालो, मला शनिवारपर्यंत मुदत द्या. खरं कारण सांगायला लाज वाटली, इथं लिहितो. दुसऱ्या युनिटकडून उधार माल आणावा लागणं यापेक्षा सप्लायवाल्याची मोठी नाचक्की नसते. माझ्या घरात लागणारं रक्त माझ्या घरात तयार व्हायला हवं.

त्या म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, ही तुमची परीक्षा नाहीये." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. बराच वेळ अंजनाकडं बघत होत्या, नाडीही मोजली. "जरा जोरात आहे." अंजना म्हणाली, "जिना चढून आले न्हवं." शेवटी ठरलं: शनिवारी पंचवीसला पुन्हा रक्त तपासायचं, सत्तावीसला चौथा डोस. तोवर काहीही वाटलं तर वाट न बघता यायचं. आठच्या वर आकडा नसला तर डोस पुढं जाणार, आणि डोस पुढं जाणं चांगलं नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

पाच दिवस आहेत. पाच दिवसांत मी कारगिलला तीन महिन्यांचा शिधा चढवलाय.

बुधवार, २२ जानेवारी

ताप नाही. वजन ५३. उलट्या दोन, कारण खाली.

आज कलेजी. इस्लामपुरातून ताजी आणली, कढईत परतली. वास गेला आणि अंजना तोंडाला पदर लावून मोरीत पळाली. पाव किलो कलेजी मी एकट्यानं खाल्ली. कुणीतरी खायलाच हवी होती.

पण एकंदरीत मोहीम यशस्वी होतेय. एक म्हणजे तिचा रंग उजळलाय. सकाळी उन्हात बसली होती, चक्क गोरीपान दिसत होती, ओठसुद्धा. मी मंगलवहिनींना म्हणालो, बघा, डाळिंबाचा परिणाम. वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच आजारी आहे.

दुसरं म्हणजे माझ्या गोष्टींची तिला चटकच लागलीय. घरापासून वहिनींच्या दारापर्यंत तीस पावलं असतील. आज तेवढ्यात जैसलमेरचा उंट आणि बारामुल्लाची डाळ अशा दोन गोष्टी झाल्या. प्रत्येक वेळी थांबून, टेकून, मन लावून ऐकते. मला वाटायला लागलंय की निवृत्तीनंतर मी हे सगळं पुस्तकात लिहायला हवं होतं.

शुक्रवार, २४ जानेवारी

सांगली. दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय.

सकाळी अंजीर संपले म्हणून इस्लामपूरला गेलो. अंजीर! परत आलो तर दारात बायकांची गर्दी. अंजना मागच्या नळापाशी पडली होती. हंडा भरून घ्यायला वाकली आणि तशीच आडवी झाली. मंगलवहिनींनी भिंतीवरून बघितलं म्हणून, नाहीतर मी येईपर्यंत तिथंच असती.

शुद्धीवर आली होती. ओठ पांढरे होते. गोरे नव्हते, पांढरे होते. परवा मीच ते उन्हात बघून कौतुक केलं.

वहिनी ओरडल्याच माझ्यावर. "भावजी, धा पावलं चालली की बसती ती! संक्रांतीपासनं बघती मी. तुमास्नी दिसंना?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तिनं शपथ घातली व्हती. म्हनली, ह्यास्नी सांगू नगा, जेवान सोडत्यात."

गाडी काढली. वहिनींच्या मांडीवर डोकं ठेवून ती मागं आडवी. आष्ट्याच्या पुढं पुन्हा उसाच्या ट्रॉल्या. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढला नाही. मागून अंजनाचा आवाज आला, "हळू चालवा. आपलं बी लोक हाईत त्यात." मी हॉर्न सोडला आणि रडत रडत गाडी चालवली. हे लिहायचं नव्हतं पण लिहिलं.

सहा पूर्णांक तीन. नाडी एकशे अठ्ठावीस. डॉक्टरबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अंजनाला विचारलं, "ताई, दम कधीपासून लागतोय?"

अंजनानं माझ्याकडं बघितलं. सोमवारी बघितलं होतं अगदी तसंच. मी उठलो आणि खोलीच्या बाहेर गेलो. दार अर्धवट उघडं राहिलं, त्यातून ऐकू आलं. "संक्रांतीच्या आदीपासनं. जिना चढताना तर जीव जातोय वाटायचं."

दोन पिशव्या रक्त लावायचं ठरलं, सावकाश. खाली रक्तपेढीत गेलो. म्हणालो, माझं घ्या, हवं तेवढं घ्या. तिथला धैर्यशील नावाचा तरुण म्हणाला, "काका, तुमचा गट बी, काकूंचा ओ. तुमचं त्यांना चालत नाही. त्यांच्यासाठी साठ्यातलं देतो. तुम्हाला द्यायचंच असलं तर द्या, दुसऱ्या कुणाला तरी होईल." फौजेत मी चौदा वेळा रक्त दिलंय, वय एकोणसाठ, नियमात बसत होतं. त्यानं बोटाला टोचलं, मशीनमध्ये बघितलं आणि शेजारच्याला हाक मारली. "हे बघ रे. सोळा पूर्णांक नऊ! काका, या वयात? काय खाता काय?"

मी सांगायला लागलो. बीट. डाळिंब. खजूर, अंजीर. नाचणी, पालक. कलेजी. तिळाचे लाडू. सगळं लोखंडी कढईत… सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला. मग थांबलोच.

सप्लायमध्ये असताना माल मधल्यामध्ये खाल्ल्याच्या दोन चौकश्या मी स्वतः केल्यात. एका हवालदाराची पट्टी उतरवली होती. त्यानं साखर खाल्ली होती फक्त.

धैर्यशील म्हणाला, "आजचं जेवण झालंय ना काका?" मी म्हणालो, अठरा दिवसांचं झालंय. त्याला कळलं नाही. साडेतीनशे मिली घेतलं.

शनिवार, २५ जानेवारी

काल संध्याकाळी पहिली पिशवी, आज सकाळी दुसरी. पिशवीवर गट, तारीख आणि एक नंबर. नाव नाही. मिरजेचं, तासगावचं, कुणाचं असेल कोण जाणे. उधार आणायला मला लाज वाटत होती. थेंब थेंब नळीतून खाली येताना बघत बसलो होतो, आणि देणारा समोर असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

सकाळच्या एसटीनं प्रियदर्शनी साताऱ्याहून आली. आमची मुलगी, तिथं बँकेत आहे. आल्याआल्या आईच्या गालाला हात लावला आणि माझ्याकडं वळली. "अण्णा, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, खाण्यानं होणार नाही म्हणून? तुम्हीच मला फोनवर तो कारखान्याचा किस्सा सांगितलात. हसत हसत सांगितलात!"

मी हो म्हणालो. ती चिडून चहा आणायला गेली.

अंजनाच्या ओठांवर थोडा रंग आला होता. या वेळी मी रंगाबद्दल काही बोललो नाही. विचारलं, "का लपवलंस?"

ती नळीकडं बघत म्हणाली, "त्या शनवारी आकडा कमी आला. तुमी जेवला न्हाई. पडून ऱ्हायला. म्हनला, तोंड दाखवाया जागा न्हाई. मला वाटलं, मी आजारी हाय ती हाय. वर तुमास्नी कशाला पाडायचं?"

"अगं पण तुझा जीव…"

"माजा जीव डाक्टरीनबाई बघत व्हत्या. तुमचा कोन बघनार?"

मी तिच्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणालो, "आणि जिन्यातली लेहची गोष्ट?"

ती पहिल्यांदा हसली. "तुमी बोलाया लागला की मला टेकाया मिळतं. पाच मिंट तरी थांबत न्हाई तुमी."

"पण शेवट ऐकायचा राहिला तुझा. अंड्यांचं…"

"उकडून वाटली. ट्रकातच चूल मांडली. केरळचा डायवर रडला. ठाव हाय मला. चौतीस वर्सं ऐकतीया."

म्हणजे पुस्तकाचा विचार सोडून द्यायला हरकत नाही.

मला राग येतोय, आणि तो काढायला माणूस एकच आहे, तो पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलाय. डॉक्टरनं सांगितलेलं मला समजलं नव्हतं असं नाही. मला समजायचं नव्हतं. हाडातला कारखाना बंद पडला असेल तर मी काय करणार? काहीच नाही. काहीच न करता तिच्याशेजारी बसणं मला जमेना, म्हणून मी बीट किसत बसलो. आणि ती पोरगी… अंजना, माझा निकाल चांगला लागावा म्हणून दम आवरून हिंडत होती.

सोमवार, २७ जानेवारी

घरी. ताप नाही. वजन ५३. जेवण: ताकभात, दोन वेळा.

डोस आठवडाभर पुढं गेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, एका आठवड्यानं फार बिघडत नाही, पण असं पुन्हा नको. मी म्हणालो, "जी." सुभेदार झाल्यापासून मी कुणाला इतक्या लवकर जी म्हणालो नव्हतो.

प्रियदर्शनीनं जायच्या आधी तक्ता आणि आलेख भिंतीवरून काढून टाकले. टाचण्यांची चार भोकं राहिलीत. स्वयंपाकघर वहिनींनी ताब्यात घेतलंय. मला भाजी आणायची परवानगी आहे, ती पण यादी देऊन.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आकडा नऊ पूर्णांक एक. चौथा डोस झाला. जिन्यानं नाही गेलो, लिफ्टच्या रांगेत पंचवीस मिनिटं उभं राहिलो. मी एकही गोष्ट सांगितली नाही.

परत येताना आकडा बघून मला आनंद झालाच. लगेच वाटलं, हे दोघा अनोळखी माणसांचं आहे, तुझा यात काय संबंध? तरी झाला. माणूस सुधारायला वेळ लागतो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

ताप ९९. वजन ५२.५. उलट्या तीन. जेवण: अर्धी वाटी पेज.

डोसनंतरचा तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो. सकाळी चहा घेऊन गेलो आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरं हाय," ती म्हणाली. सवयीनं.

पूर्वी मी एवढं ऐकून निघून जायचो आणि वहीत 'बरी' असं लिहायचो. आज गेलो नाही. पलंगाजवळ खाली जमिनीवर बसलो, भिंतीला पाठ लावून. गुडघे कुरकुरले. ती छताकडं बघत होती, मी तिच्या चादरीकडं.

बऱ्याच वेळानं म्हणाली, "बरं न्हाई."

मी चहाचा कप बाजूला ठेवला.

मग सुरू झाली. तळपाय आगीत घातल्यासारखे होतात. हाडं रात्रंदिवस ठणकतात. जिभेला फोड आलाय, पाणीसुद्धा टोचतं. केस गेलेल्या डोक्यावर हात गेला की अजून दचकायला होतं, आरसा उलटा करून ठेवलाय तो त्यासाठी, मला सांगितलं होतं तसं पुसायला म्हणून नाही. मंगलवहिनी लोकांना आजाराचं सांगतात ते आवडत नाही. प्रियदर्शनी फोनवर हसून बोलते आणि फोन ठेवून रडते, ते कळतं. आणि मी फार बोलतो. मी दारातनं आत येताना असा चेहरा करून येतो की तिला आधी माझीच समजूत काढावी लागते. बीट तिला लग्नाआधीपासून आवडत नाही.

तासभर बोलत होती. प्रत्येक वाक्याला माझ्या जिभेच्या टोकावर एक उपाय येत होता. तळपायांना तूप. फोडाला मध. मी मोजले, नऊ उपाय आले. नऊच्या नऊ गिळले. माझ्या नोकरीत मी केलेलं हे सगळ्यात अवघड काम असेल.

शेवटी ती थांबली. वाटलं, संपलं. मग अगदी हळू म्हणाली, "आन मला भ्या वाटतंय ओ. सा डोस झालं तरी जाईल का न्हाई ह्यो रोग, कुनाला ठाव?"

उत्तर तयार होतं माझ्याकडं. डॉक्टरबाई काय म्हणाल्या, रिपोर्ट काय म्हणतो, आपल्या गावातली कोण बरी झाली. तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं.

"मला पण वाटतंय," मी म्हणालो. "ऑक्टोबरपासून."

तिनं कुशीवर वळून माझ्याकडं बघितलं. आजाराचं नाव कळल्यापासून आम्ही एकमेकांकडं असं बघितलंच नव्हतं.

"मग बोलला का न्हाई कवा?"

"तू घाबरशील म्हणून."

मग तिच्या तोंडून एक आवाज आला, तो हसण्याचा होता की रडण्याचा ते मला कळलं नाही, कारण तोवर मलाही तेच व्हायला लागलं होतं. पलंगावरून हात खाली आला. माझ्या डोक्यावर ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा.

मी डोळे पुसून उठायला लागलो. म्हणालो, "पेज गरम करून आणतो."

"नगं," ती म्हणाली. "काय बी आनू नगा. बसा हितंच."

बसलो. दुपारपर्यंत तिथंच बसलो होतो.